अकराव्या पानावरचं कलम

परवा रात्री दहाला ताईचा फोन. आवाज रडवेला. "अरे, वकिलाची नोटीस आलीय. पोरीला आत टाकतील का रे?"

भाची भोसरीच्या एका कारखान्यात डिझाइनला होती. चाकणला पगार बरा मिळत होता, म्हणून रीतसर राजीनामा दिला, नोटीस पिरियड दिवस मोजून भरला. तरी नोटीस आलीच. नेमणूकपत्राच्या अकराव्या पानाप्रमाणे म्हणे वर्षभर 'स्पर्धक कंपनीत' जायचं नाही, गेलीस तर पाच लाख भर.

ताईला म्हटलं, आधी झोप. हे दिवाणी भांडण आहे, यात पोलीस दारात येत नाहीत.

आता माझी कबुली. पंधरा वर्षं एचआरमध्ये काढली, असली पानं मीही छापून घेतलीत. मसुदा कुठून तरी आलेला असायचा, आम्ही फक्त कंपनीचं नाव बदलायचो. जॉइनिंगच्या दिवशी पोरापुढे गठ्ठा ठेवायचा आणि "इथं, इथं आणि इथं" करत बोट फिरवायचं. एखादा वाचायला बसलाच तर आम्ही घड्याळाकडे बघायचो.

आणि आम्हाला ठाऊक होतं की या पानाला कोर्टात फारशी किंमत नाही. करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 27 सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल. कलमातच दिलेला अपवाद दुकान नावलौकिकासकट विकणाऱ्याचा. त्याला शेजारीच तसलं दुकान थाटू नको असं बांधून घेता येतं. नोकरी सोडणारा काय विकून जातो?

करार चालू असताना मात्र गोष्ट वेगळी. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातले गोळीकरी नावाचे कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेले, तेव्हा 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलेल्या मुदतीपुरतं त्यांना अडवणं योग्य ठरवलं. पण 2006 मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचा करार संपल्यावरही त्याच्या जाहिरातींची कामं बघणारी जुनी कंपनी हक्क सांगायला लागली, तेव्हा त्याच कोर्टाने ते मानलं नाही.

बॉण्डची यात गल्लत करू नका. तीन वर्षांच्या आत सोडलंत तर दोन लाख भरा, ही विजया बँकेची अट मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध धरली. तिथं भांडण लवकर सोडण्याबद्दल होतं. पुढे कुठं नोकरी करायची याच्याशी त्या अटीचा संबंध नव्हता.

कंपनीच्या गुपितांचंही वेगळं. भाचीला पहिला प्रश्न तोच केला: पेनड्राइव्हवर, स्वतःच्या मेलवर काही नेलंस का? एक जरी ड्रॉइंग नेलं असेल तर कंपनीचा वकील खुशीत येईल. म्हणाली, "मामा, फक्त पगाराच्या स्लिपा." मग ठीक. एका वकिलाकडून दोन परिच्छेदांचं उत्तर पाठवलं.

खरी दहशत कलमाची नसतेच हो. ती असते रिलीव्हिंग लेटरची, म्हणजे कामातून मोकळं केल्याच्या पत्राची, आणि अडकवून ठेवलेल्या फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या पैशांची. नव्या कंपनीची पडताळणीवाली मंडळी तो एक कागद मागतात आणि जुनी कंपनी नेमका तोच दाबून बसते. कोर्टात जायची गरजच पडत नाही, कारण पोरं त्याआधीच गळाठतात. मी गळाठलेली पाहिलीत. एकाने नवी ऑफर परत केली होती, आणि आम्ही त्याला 'रिटेन्शन', म्हणजे टिकवलेला माणूस, म्हणून अहवालात मोजलं होतं.

भाची सोमवारी चाकणला रुजू झाली. रिलीव्हिंग लेटर अजून आलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं, "प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य मी स्वतः किती मेलमध्ये टाईप केलंय, ते तिला अजून सांगितलेलं नाही.