शिबिराच्या दिवशी टोळी कुठे असते?

गेल्या जानेवारीत मी धाराशिव जिल्ह्यातील माझ्या गावी गेले होते, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत कर्करोग तपासणीचे शिबिर भरले होते. चौथीच्या वर्गात दोरीवर जुनी साडी टाकून आडोसा केला होता आणि बाहेरच्या बाकावर आमच्या आळीतल्या, म्हणजे ज्यांच्या घरी नोकरी किंवा बागायत आहे अशा बायका आपला नंबर येण्याची वाट पाहत होत्या. गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, यांच्या वहीत तीस वर्षांवरील सगळ्या महिलांची नावे होती. तांड्याच्या पानावर मात्र नावांपुढे एकाखाली एक ‘स्थलांतरित’ असेच लिहिलेले होते. मी विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘नाव हाय ताई, बाई कारखान्यावर हाय.’’

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना ऑक्टोबर, जागतिक कर्करोग दिन ४ फेब्रुवारी आणि महिला दिन ८ मार्च. आपली बहुतेक शिबिरे याच दिवसांभोवती भरतात, म्हणजे नेमकी टोळी फडात असताना.

‘बायकांमध्ये जागृती नाही’ हे वाक्य मला आता पटत नाही. याच जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिला त्यात होत्या आणि ज्यांना तपासणीसाठी बोलावले, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ आठ जणी आल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, या रोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील ज्या महिलांची ही तपासणी कधी ना कधी झाली होती, त्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के निघाले.

तपासणी अवघड आहे म्हणावे, तर तेही नाही. उपकेंद्रात केल्या जाणाऱ्या तपासणीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, ते पाहतात. अवघड आहे ती त्यानंतरची वाट. डाग दिसला की जिल्हा रुग्णालय, तिथे दुसरी तपासणी, मग अहवालासाठी पुन्हा फेरी. टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, त्यामुळे बाई गेली की नवऱ्याचेही काम अडते, खाडा पडला की मुकादम दंड लावतो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, अंगावर तशीच राहते. माझी तपासणी पुण्यात कार्यालयाच्या खर्चाने आणि पगारी रजेवर होते, तरीही मी ती दोन वर्षे पुढे ढकलली होती. तेव्हा मला कुणी अडाणी म्हटले नाही.

कर्करोग हा शब्द या बायकांपर्यंत पोहोचला नाही, असेही नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या बीड जिल्ह्याच्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ असे डॉक्टरांनी सांगितल्याचे त्यांतल्या कितीतरी जणींनी बोलून दाखवले आहे. ज्यांच्यापर्यंत साधी तपासणी पोहोचली नाही, त्यांच्यापर्यंत भीती आणि शस्त्रक्रियेचे बिल मात्र वेळेवर पोहोचले.

कोणत्या फडात कोणती टोळी आहे, हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोजच्या रोज ठाऊक असते, कारण त्यावरच गाड्यांचे नियोजन चालते. त्याच यादीवरून तळावर संध्याकाळी आरोग्य पथक जाऊ शकते. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाईला कोपीतच, म्हणजे तळावरच्या झोपडीतच, स्वतः घेता येतो, त्यासाठी साडीच्या आडोशाचीही गरज नाही. आशाताईंचे म्हणणे याहून साधे आहे. शिबिर भाद्रपदात घ्या, तेव्हा तांडा गावातच असतो. त्यांनी तसे वर दोनदा कळवले. यंदाच्या शिबिराची तारीख परवा आली, ती ४ फेब्रुवारीची आहे.