सीन्याच्या चापांवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सावजी पद्धतीने घरी सीन्याचे चाप, म्हणजे बोकडाच्या छातीच्या बरगड्या, कसे करावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय सांगते. आपण मूळचे नागपूरचे असून सध्या टेक्सासमध्ये राहता. तेथे गाईबैलांच्या बरगड्या नुसते मीठ-मिरे लावून ओकच्या लाकडाच्या धुरावर सहा ते आठ तास ठेवतात आणि त्या खाल्ल्यानंतर आपल्याला असा साक्षात्कार झाला आहे की, "कुकरच्या शिट्ट्या मोजून बरगड्या करणारी बाई मांस शिजवत नाही, नुसते उकडते, आणि अशांनी नागपूरच्या नावावर पाककृती लिहू नयेत." त्याखेरीज कच्ची पपई, तेल, ज्वारीचे पीठ आणि छायाचित्र यांनाही आपण नावे ठेवली आहेत. शिट्टी हे वेळेचे माप नव्हे, मिनिटे द्यायला हवी होती, असेही जाता जाता सुनावले आहे.

छायाचित्राचे आधी मान्य करून टाकते. ते रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले आहे आणि त्यात रस्सा डांबरासारखा दिसतो. दिवसाउजेडी काढलेले दुसरे छायाचित्र लवकरच टाकीन.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळते. मंद आचेवर बरगड्या अधिक चांगल्या होतात का, असे आपण विचारले असते, तर दोन ओळींत उत्तर दिले असते आणि कदाचित आपले थोडेफार ऐकूनही घेतले असते. परंतु "बाई", "नुसते उकडते" आणि "नागपूरच्या नावावर" हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच वाक्यात आल्यावर त्यातला प्रश्न शिल्लक राहत नाही, उरतो तो केवळ तोरा. नागपूरच्या नावावर काय लिहावे याचा परवाना ह्यूस्टनच्या किंवा डलासच्या अंगणातून दिला जातो, हे मला ठाऊक नव्हते.

परवान्याचाच प्रश्न असेल तर थोडे घरचे सांगावे लागेल. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि घरी हातमागही होता. आम्ही कोष्टी. ज्या समाजाच्या चुलीवर सावजी रस्सा घडला, त्या समाजातली मी. माझ्या आजीने खसखस, सुके खोबरे, धणे, मसाला वेलची आणि दगडफूल वेगवेगळे भाजून पाट्यावर वाटलेले मी पाहिले आहे. वेगवेगळे अशासाठी की, खसखस जळायला लागते तेव्हा धण्यांना अजून रंगही आलेला नसतो. वडिलांनी पुढे नागपूरच्या महाल भागात खानावळ चालवली. तेथे लाकडावरच्या मोठ्या पातेल्यात मटण रटरटत असे, हे खरे. पण घरी, सहा माणसांसाठी, त्याच वडिलांनी कुकर वापरला आणि त्यात आपण काही पाप करीत आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. ज्या माणसाने उभी हयात पातेल्यापुढे काढली त्याला कुकर चालतो आणि आपल्याला चालत नाही, याचा अर्थ आपणच लावावा.

आता मुद्द्याचे बोलते, कारण आपल्या वाक्याचा डोलारा ज्यावर उभा आहे तो समजच कच्चा आहे. बरगडीचे मांस चिवट असते ते त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. स्नायूंचे तंतू एकत्र बांधून ठेवणारे पांढरे, रबरासारखे जे काही दिसते ते प्रामुख्याने हेच. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ते आकसते आणि मांसातले पाणी पिळून बाहेर काढते. म्हणूनच अर्धवट शिजलेली बरगडी कच्च्या बरगडीपेक्षा अधिक चामट लागते. ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागते आणि तापमान जितके अधिक तितकी ही क्रिया वेगाने होते. रस्सा थंड झाल्यावर कडेला जे थरथरते, बोटांना चिकट लागते, ते हे जिलेटिन. मऊपणा येतो तो यातून. त्याला हवी असते उष्णता, ओलावा आणि वेळ. यांपैकी एक वाढवले तर दुसरे कमी करता येते.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते आणि कितीही लाकडे सारली तरी त्यापुढे जात नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. आता आपल्या टेक्सासच्या भट्टीचे पाहा. तेथे आतली हवा साधारण १२० ते १३५ अंशांवर ठेवतात. म्हणजे ज्या कुकरला आपण नावे ठेवता तो आणि आपली ती भट्टी जवळपास एकाच तापमानावर चालतात! फरक एवढाच की, कोरडी हवा मांसाला उष्णता फार सावकाश देते आणि मांसाच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जाणारे पाणी त्याला थंडही करीत राहते, म्हणून आतला भाग ९५ अंशांपर्यंत पोचायला इतके तास लागतात. कुकरमधली वाफ तीच उष्णता झपाट्याने पोचवते. तेथे तास लागतात ते भट्टीच्या स्वभावामुळे. त्या तासांना तपश्चर्या समजून माझ्यावर फेकण्याचे कारण नव्हते.

शिवाय आपण बरगडी कोणाची आणि हाड केवढे, हे पाहिलेच नाही. गाय, म्हैस आणि बोकड या तिघांनाही बरगड्यांच्या तेरा जोड्याच असतात, परंतु बैलाच्या एका बरगडीवर मनगटाएवढे मांस असते, तर बोकडाच्या चापावर जेमतेम बोटभर. जनावर जसे वयाने वाढते तसे कोलॅजनचे धागे एकमेकांत अधिक घट्ट गुंततात आणि विरघळायला अधिक वेळ घेतात. आपल्याकडे खाटीक देतो तो बोकड बहुधा कोवळा असतो. त्याच्या चापांना आठ तास धूर दिला तर हातात वाळलेली काटकी येईल, तीही हाडासकट. आपण सुचवता तशी गोमांसाच्या बरगड्यांची पाककृती मी लिहावी, तर महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर पूर्वीपासूनच बंदी होती आणि २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले, ही गोष्ट नागपूर सोडून जाताना आपल्या कानावर आली नसावी. म्हशीच्या बरगड्या ज्यांच्या घरी शिजतात त्यांना मात्र आपल्या वाक्यापेक्षा ही माहिती उपयोगी पडेल: हाड जाड असते आणि जनावर पुष्कळदा वयस्क, म्हणून कुकरमध्येही चापांच्या दुपटीहून अधिक वेळ द्यावा, आणि दाब उतरल्यावर उघड्या पातेल्यात अर्धा तास बारीक आचेवर ठेवावे.

उकडणे आणि शिजवणे यांतला फरक मला शिकवायचा असेल, तर माझा लेख आधी पूर्ण वाचायला हवा होता. कुकरचे झाकण लागते ते अगदी शेवटी. त्याआधी चापांच्या आतल्या बाजूला हाडांवरून जाणारा जो पातळ, चकचकीत पापुद्रा असतो, त्याचे टोक सुरीने उचकटायचे आणि कोरड्या फडक्यात धरून तो ओढून काढायचा. तो शिजून मऊ होत नाही, दातांत कागदासारखा येतो. मग मीठ-हळद लावून चाप किमान तासभर ठेवायचे, कारण मसाल्यातले मीठ तेवढे मांसाच्या आत शिरते. मिरची, लसूण, गरम मसाला यांचा स्वाद पृष्ठभागाच्या फार खाली जात नाही. चव "हाडाला चिकटायला" तास लागतात हे आपले म्हणणे त्यामुळे मिठापुरते खरे आहे, बाकी मसाल्याच्या बाबतीत ते ऐकायला छान वाटते इतकेच.

नंतर लोखंडी कढईत तेल चांगले तापवून चाप थोडे थोडे करून परतायचे. सगळे एकदम टाकले की पाणी सुटते आणि ते खरोखरच उकडतात. मांसाला तपकिरी रंग आणि भाजका वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, कोरड्या पृष्ठभागावर. कुकरमध्ये तो कधीच येणार नाही, हे मलाही कळते, म्हणून तर तो आधी आणायचा. त्याच तेलात कांदा गडद होईपर्यंत, मग वाटण, मग भिवापुरी मिरचीचे तिखट, आणि कडेने तेल सुटेपर्यंत उलथणे हलते ठेवायचे. मसाला कढईच्या बुडाला धरू लागला की पाण्याचा हबका मारून तो खरवडून घ्यायचा. या कामाला जवळजवळ पाऊण तास जातो आणि तो सगळा वेळ माणूस शेगडीपुढे उभा असतो. आपल्या प्रतिक्रियेत या पाऊण तासाचा उल्लेखच नाही. आपण थेट शिट्टीवर जाऊन बसलात.

शिट्टीबद्दलही एकदा सांगते. आच, पाणी आणि कुकरचा आकार यांप्रमाणे शिट्ट्या मागेपुढे होतात, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, आणि माझे वाचक स्वयंपाक करणारे आहेत. तरीही ज्यांना घड्याळच लागते त्यांनी पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंधरा ते वीस मिनिटे धरावीत आणि दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस्सा उसळतो आणि मांस हाडावरून फाटून लोंबते. चाप झाला की नाही हे हाडाच्या टोकाकडे पाहून कळते. मांस टोकापासून पेरभर मागे सरकलेले असावे आणि हाड चिमटीत धरून पिळले तर फिरावे, पण गळून पडू नये.

पपईचे म्हणाल तर तिच्यातले मांस मऊ करणारे द्रव्य, पपेन, पृष्ठभागावरच काम करते आणि उकळीला निकामी होते. मी चमचाभर, तीही अर्धा तासच लावायला सांगितली आहे. कोवळा बोकड असेल तर ती वगळावी, असेही लेखात आहे. तेल कमी हवे असेल त्याने तर्री वरून काढून घ्यावी, पण मग ते सावजी म्हणून वाढू नये. ज्वारीचे भाजलेले पीठ रस्सा मिळून येण्यासाठी आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, तशीच राहील. पुन्हा लिहायचे झाल्यास जनावर कोणते, हाड केवढ्या जाडीचे आणि भांडे झाकलेले की उघडे, हे तिन्ही सांगून लिहावे. नुसत्या तासांच्या हिशेबाला मी यापुढे उत्तर देणार नाही.