संशोधनाला दिलेली देणगी पाण्यात जात नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'वैद्यकीय संशोधन संस्थांना देणगी देऊ नका. औषधं कंपन्याच शोधतात. संस्थांचा पैसा पगारात आणि एसीत जातो. त्यापेक्षा सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या गरिबाला मदत करा.' मनापासून दान करणारी माणसंच तो पुढे ढकलतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

औषधं कंपन्याच शोधतात? जिथे गिऱ्हाईक आहे तिथे शोधतात. सर्पदंश घ्या. भारतात दरवर्षी अंदाजे ५८ हजार माणसं त्याने दगावतात, बहुतेक खेड्यातली, रानात राबणारी. उसाचा पाला काढताना घोणस चावली तर वाचवतं ते प्रतिविष. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं असतं, आणि त्यासाठीचं बहुतेक विष येतं तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून. अडचण अशी की एकाच जातीच्या सापाचं विषसुद्धा मुलखागणिक बदलतं. तमिळनाडूतल्या घोणशीवर बेतलेलं प्रतिविष दुसऱ्या मुलखात तितकंच लागू पडेल याची खात्री नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक नेमकं यावर काम करतात. हे काम कुठल्या कंपनीला परवडणार? सनोफी या फ्रेंच औषध कंपनीने आफ्रिकेसाठीचं आपलं प्रतिविष बनवणं २०१४ साली थांबवलं. उलट, औषध उद्योजक हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ साली उभ्या राहिलेल्या वेलकम ट्रस्टने २०१९ साली सर्पदंशाच्या संशोधनासाठी ८ कोटी पौंड जाहीर केले.

आणि दान मोठ्यांचंच लागतं असंही नाही. अमेरिकेत सामान्य लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली, त्या पैशातून संशोधक जोनास साल्क यांची पोलिओची लस १९५५ साली हाती आली.

गरिबाला मदत जरूर करा. पण एकाला द्यायचं म्हणून दुसऱ्याचं तोडायचं, ही कोल्हापूरची रीत नव्हे. शाहू महाराजांनी दुष्काळात लोकांना धान्य पुरवलं आणि १९०१ साली विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृहही काढलं.

राहिला पगार आणि एसी. रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं टिकवायचे तर फ्रीझर उणे ८० अंशांवर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, त्याचं वीजबिल येतं. नमुने तपासणाऱ्या पोराला पगार नको? संशोधन म्हणजे तीच माणसं आणि तीच यंत्रं. तरीही शंका असेल तर देणगीआधी संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेला हिशेब मागा. कोणत्या आजारावर काम चाललंय, गेल्या वर्षी काय हाती लागलं, ते विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था बघा.