कोऱ्या पट्टीला 'क्रौर्य' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

डिमेन्शियातल्या (स्मृतिभ्रंशातल्या) अस्वस्थतेवर त्वचेवर लावायच्या औषधाच्या पॅचची, म्हणजे पट्टीची, चाचणी व्हायला हवी, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता, "ज्यांना नकार देता येत नाही त्यांचे उंदीर करायचे आणि त्यातल्या काहींना बिनऔषधाची कोरी पट्टी चिकटवायची, हे क्रौर्य आहे. तुमच्यासारख्यांना माणसं दिसतच नाहीत." हे शेवटचं वाक्य कशासाठी? मला ओळखत नसताना माझ्या मनात काय आहे ते आपण ठरवूनही टाकलंत!

माझी आई या आजारातच गेली. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणत ती स्वतःच्याच घराचं दार ओढायची. गोळी गालात धरून ठेवायची, नाहीतर थुंकून टाकायची. मग आम्ही तीच गोळी जेवणात लपवून दिली. तिची संमती कुणी विचारली होती? चाचणीत निदान कुटुंबाची लेखी संमती लागते, आणि रुग्णाने नकार दाखवला तर तो मानावा लागतो. घरात कुणी मानतं?

आता कोरी पट्टी. वयस्क डिमेन्शिया रुग्णांना मनोविकारांवरची औषधं सर्रास दिली जात होती. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, की या औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. हे कळलं १७ चाचण्यांमधल्या बिनऔषधाच्या गटांशी तुलना केल्यावर. तो गट नसता तर "वय झालं होतं" म्हणून सगळे गप्प बसले असते.

पॅचचंही तेच. नॉर्वेत २०११ च्या अभ्यासात वेदनेवर पायरीपायरीने उपचार केले, त्यात काहींना ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचा पॅच होता, आणि रुग्णांची अस्वस्थता कमी झाली. पुढे तिथेच कोऱ्या पट्टीशी तुलना झाली, तेव्हा कळलं की तो पॅच अनेकांना सोसत नाही. कोरी पट्टी नको म्हणणारे हे कसं शोधणार होते? शिवाय नुसती देखरेख वाढली तरी कोऱ्या गटातही अस्वस्थता बरीच उतरते. तो उतार औषधाच्या नावावर जमा करायचा का?

पट्टीखालची त्वचा लाल होते, खाजते, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. औषध कंपन्यांवर आपण मारलेल्या शेऱ्यांना मी उत्तर देणार नाही.

पुन्हा लिहाल तर चाचणीबद्दल लिहा. माझ्या माणुसकीचा निवाडा आपण करू नये.