रॅकच्या डोक्यावर एसी लावायला सांगणाऱ्यांनो

गेल्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला. त्यांच्या ऑफिसची छोटी सर्व्हर रूम, कोपऱ्यात सर्व्हर रचून ठेवायचा माणसाएवढा रॅक आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर नवाकोरा स्प्लिट एसी. खाली लिहिलेलं, "मामा, झालं एकदाचं काम. कसं वाटतंय?" मी फोन करून विचारलं, ही जागा ठरवली कुणी? तर म्हणाला, "अरे तो मेसेज नाही का, सगळ्या ग्रुपवर फिरतोय तो."

तो मेसेज मलाही चार जणांकडून आला होता. "सर्व्हर रूममध्ये स्प्लिट एसी बसवण्याचे सात नियम, कंपनीवाले तुम्हाला कधीच सांगणार नाहीत." वाचून हसलो आणि सोडून दिला. पंचवीस वर्षं एसी बसवतोय, आणि घरातलंच पोरगं फॉरवर्ड वाचून भिंतीला भोकं पाडेल असं वाटलं नव्हतं. तर आता सातही नियम घेतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, तेवढी त्यांची लायकी नाही.

पहिला नियम म्हणतो, एसी कायम १६ वर ठेवा, मशीन जितकी थंड तितकी टिकते. हे कुणी ठरवलं? एसीच्या धंद्यात ज्यांचा शब्द जगभर मानतात त्या ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरसाठी तापमानाची मार्गदर्शिका काढली आहे. २००४ सालच्या पहिल्या आवृत्तीत शिफारस २० ते २५ अंशांची होती. २००८ मध्ये ती सैल करून १८ ते २७ केली. म्हणजे जाणकार मंडळींनी वरची मर्यादा वाढवली, खालची १८ वर थांबवली, आणि आपले मेसेजवाले अजून १६ वर अडून बसलेत. शिवाय हे अंश मोजायचे ते सर्व्हर ज्या तोंडाने हवा आत ओढतो तिथे. रिमोटवरचा आकडा म्हणजे नुसती तुमची इच्छा.

१६ केल्याने खोलीही काही लवकर गार होत नाही. एवढंच होतं की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. त्यात फिल्टर धुळीने बुजला असेल तर कॉइलवरून, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांच्या जाळीवरून, हवा पुरेशी फिरत नाही, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. हा बर्फ लक्षात ठेवा, पुढच्याच नियमात लागणार आहे.

दुसरा नियम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो: "इनडोअर युनिट थेट रॅकच्या वर लावा, थंड हवा सरळ मशीनवर पडेल. पाण्याची भीती वाटली तर रॅकवर प्लास्टिक टाका."

एक तर थंड हवा तिथे पडतच नाही. भिंतीवरचं इनडोअर हवा समोर फेकतं, चांगली दहाबारा फूट. खाली उभा असलेला रॅक त्या झोताच्या मागे राहतो. दुसरं, रॅक म्हणजे काही झाड नव्हे, वरून पाणी घातल्यासारखी वरून हवा सोडायला. बहुतेक सर्व्हर पुढून हवा घेतात आणि मागून गरम करून सोडतात. थंड झोत रॅकच्या तोंडासमोर यायला हवा आणि मागची गरम हवा पुन्हा पुढे न घुसता एसीकडे परत जायला हवी. डोक्यावर बसवून यातलं काहीच साधत नाही.

आणि पाणी. कॉइलवर हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं, थेंब ट्रेमध्ये जमतात आणि तिथून पाइपातून निव्वळ उताराने बाहेर जातात. पंप नाही, काही नाही. दर मीटरला सेंटिमीटरभर उतार, एवढ्या भरवशावर तुमचा सगळा डेटा खाली उभा असतो. पाइपात धूळ आणि बुळबुळीत गाळ साचला, किंवा बसवणाऱ्याने पाइप मध्येच उचलून झोळ ठेवला, की पाणी उलटं ट्रेमध्ये चढतं. दमट हवेत एक टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. रूम घट्ट बंद असेल तर कमी निघतं, मान्य. पण दिवसभर दार उघडंच असलेल्या सर्व्हर रूम मी जास्त पाहिल्यात. आता वरचा बर्फ आठवा. फिल्टर साफ न करता १६ वर चालवलेला एसी कधीतरी बंद पडणारच, आणि बंद पडला की तो सगळा बर्फ एकदम वितळतो. पहिला नियम पाणी तयार करतो, दुसरा ते कुठे ओतायचं ते सांगतो.

मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलंय. जागेचं नाव सांगत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लावलं, सोमवारी सकाळी मला बोलावलं. वरून बघितलं तर सगळं ठीक, हिरवे दिवे लुकलुकतायत. मग खाली वाकलो. निळ्या नेटवर्क केबलच्या झोळात एक थेंब फुगत होता. भरला की सुटायचा, खालच्या नेटवर्क स्विचच्या (केबली जोडायच्या डब्याच्या) झाकणावर टप्, आणि लगेच पुढचा थेंब फुगायला लागायचा. दोन दिवस हेच चाललं होतं. मेन बंद करायला कुणी पळेपर्यंत तो स्विच गेला. मेलेला स्विच उघडला तेव्हा आतल्या बोर्डावर हिरवट गंज धरलेला होता.

राहिलं प्लास्टिक. अनेक रॅकच्या छतावर गरम हवा बाहेर टाकणारे पंखे असतात. त्यांच्यावर प्लास्टिक टाकायचं, म्हणजे गार करण्यासाठी लावलेल्या एसीचं पाणी चुकवण्यासाठी रॅकचं नाक दाबायचं. हे लिहिणाऱ्याने रॅक कधी पाहिला तरी असेल का?

तिसरा नियम: व्हॅक्यूम पंपाची गरज नाही, आऊटडोअरमधला थोडा गॅस सोडला की पाइपातली हवा निघून जाते. जुने मिस्त्री हे करायचे, खोटं कशाला बोलू, मीही केलंय. पण तो आर-२२ या जुन्या गॅसचा जमाना होता. आर-४१०ए, आर-३२ या नंतरच्या गॅसच्या मशीनमध्ये जे तेल असतं ते पाणी शोषतं आणि त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर आतून खाल्ला जातो. गॅस सोडून हवा निघेल, पाइपाला चिकटलेला ओलावा नाही निघत. पंप लावून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (म्हणजे जवळजवळ निर्वात) उतरवला की ओलावा खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतो. मग पंप बंद करून काटा थोडा वेळ बघायचा. चढत राहिला तर कुठेतरी फ्लेअर, म्हणजे पाइपाचा जोड, गळतोय किंवा आत अजून ओल आहे. वर आर-३२ पेट घेऊ शकतो, मंद का होईना. बसवणारा पंप न आणता आला तर त्याला परत पाठवा.

चौथा, शंभर चौरस फुटांना एक टन. बेडरूमसाठी ठीक असेल. सर्व्हर चौरस फूट बघून तापत नाही. तो जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता करून बाहेर टाकतो, म्हणून यूपीएसवरचा लोड वाचा. समजा २.५ किलोवॅट दिसतोय. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, म्हणजे भरपूर झालं असं वाटेल. पण माणसांसाठीच्या एसीची साधारण पाव ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. त्यात यूपीएसची स्वतःची उष्णता, भिंत, छत धरा. असा लोड असलेल्या ऐंशी चौरस फुटांच्या खोलीलाही एक टन तोकडा पडतो, दीड लागतो.

पाचवा, एसीही यूपीएसवर घ्या. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढतो. यूपीएस ट्रिप होईल आणि ज्यांना वाचवायचं तेच सर्व्हर धाडकन बंद पडतील. एसी जनरेटरवर घ्या आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा घ्या, नाहीतर रात्री रिमोट दाबायला कोण जाणार?

सहावा, दोन लहानांपेक्षा एक मोठा बरा. तो एक बंद पडला की? दोन लावा, टायमरने आलटून पालटून चालवा. यावर जास्त बोलत नाही.

सातवा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो: "लहान रूमला महागडा प्रिसिजन एसी लागत नाही, स्प्लिट पुरतो." प्रिसिजन म्हणजे खास सर्व्हर रूमसाठी बनवलेला एसी. एकदोन रॅक असतील तर स्प्लिट पुरतो, मीच कित्येक बसवलेत. पण दिवसरात्र चालणारा स्प्लिट म्हणजे घरच्या एसीच्या तिप्पट राबणारा गडी. फिल्टर दर पंधरवड्याला धुवा, ड्रेन दर दोन महिन्यांनी फुंकून घ्या. नियमात ही ओळ कुठे आहे?

भाच्याचं इनडोअर रविवारी बाजूच्या भिंतीवर जातंय, झोत रॅकच्या तोंडासमोर येईल असं. ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का हे तो उभा राहून बघणार आहे. जुनी भोकंही तोच बुजवणार.