मासे, माशा आणि वजनकाटा

आम्ही राहतो कॅनडात, ऑन्टारिओ राज्यातल्या मिसिसागाला, टोरंटोजवळ. इथल्या माझ्या ऑफिसातला एक कॅनेडियन सहकारी दर जूनमध्ये आठवडाभर गायब होतो आणि परत आला की हातभर लांब माशांचे फोटो दाखवत फिरतो. उत्तर ऑन्टारिओत म्हणे छोटं विमान थेट तळ्यात उतरतं, तुम्हाला एका लाकडी केबिनपाशी सोडून निघून जातं, आणि मग आठवडाभर तुम्ही, बोट आणि मासे. हे मी घरी येऊन मोठ्या तोंडाने सांगितलं, नेमका तेव्हाच मेहुणा जेवायला आला होता. वरणभात संपायच्या आत 'गळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. मी, मेहुणा, शेजारचे मालवणचे काका आणि एक पुण्याचा मित्र. मित्र शुद्ध शाकाहारी आहे पण त्याला निसर्ग बघायचा होता.

पहिला प्रश्न, कुठे? ऑन्टारिओत अडीच लाख तळी आहेत. अडीच लाख! आपल्याला कोथरूडमध्ये तीन हॉटेलांतून एक ठरवताना भांडणं होतात. शेवटी सहकारी जातो तेच धरलं, रेड लेक गावाच्या वरच्या बाजूला. नकाशात बघितलं तर मिसिसागाहून जवळपास दोन हजार किलोमीटर. वाटेतल्या थंडर बे शहरापर्यंतच चौदाशे, म्हणजे मुंबईहून निघून दिल्लीला पोचलो, तरी आपण अजून त्याच राज्यात आणि पुढे सहाशे बाकी.

मग कधी? पिकरेल ह्या तिकडच्या माशाचा सीझन मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. मेमध्ये बर्फ नुकतंच वितळलेलं असतं, काकांचे गुडघे नाही म्हणाले. जूनमध्ये मासे जोरात लागतात पण तेव्हाच काळ्या माशा पण असतात. ही ब्लॅकफ्लाय दिसायला आपल्या चिलटाएवढी, पण चावते अशी की रक्त येतं, आणि कानामागे, केसांच्या कडेला हुडकून हुडकून चावते. सहकाऱ्याने डोक्यावरून घ्यायची जाळी दाखवली, ती घालून माणूस मधमाश्या पाळणारा दिसतो. म्हणजे मासे हवे तर माशा घ्या. जुलैत मुलांना सुट्टी आणि इंडियाहून आलेल्या पाहुण्यांना नायगारा. ऑगस्टमध्ये माशा नसतात, पण श्रावण असतो! मित्राने ग्रुपवर सुचवलं की मग पकडून परत सोडून द्या ना, त्यावर दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. सप्टेंबरमध्ये गणपती, मागोमाग पितृपक्ष. फिरून फिरून जूनच.

काकांचा तर मुळातच विरोध होता. "गोड्या पाण्यातलो मासो? तेका चव ती काय!" मी यूट्यूबवर दाखवलं, तिकडचे लोक दुपारी काठावरच चूल मांडतात, ताज्या पिकरेलचे तुकडे लोखंडी तव्यात डुकराच्या चरबीत तळतात, बाजूला बटाटे आणि डब्यातले बीन्स. काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, रवो नाय, कोकम नाय, ह्यांका कोणीतरी शिकवूक व्हया. म्हणजे काका येणार.

लायसन्सचे दोन प्रकार. स्पोर्टवर चार पिकरेल ठेवता येतात, कन्झर्वेशनवर दोन, आणि चारातला एकच ४६ सेंटीमीटरपेक्षा मोठा चालतो. कन्झर्वेशन स्वस्त, म्हणून आम्ही तिघा मासेखाऊंनी तेच काढलं. मित्राने मात्र स्पोर्ट काढलं, म्हणे एवढं दोन हजार किलोमीटर जायचं तर पैसे वसूल झाले पाहिजेत.

आणि मग आला कॅम्पवाल्यांचा फॉर्म. विमान बीव्हर जातीचं, टोरंटोजवळ डाउन्सव्ह्यूला बनलेलं. ते पहिल्यांदा उडालं १६ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि बनायचं बंद झालं १९६७ ला. त्यामुळे सगळ्यात नवं बीव्हरसुद्धा माझ्यापेक्षा वयाने मोठं. अशा वडीलधाऱ्या विमानात बसायचं तर प्रत्येकी सामान ऐंशी पौंड, जेवणखाण धरून, आणि शिवाय स्वतःचं वजन कपड्यांसकट खरं खरं लिहा. अस्वल पळवायचा तिखट स्प्रे आत चालत नाही, तो फुटला तर पायलटला दिसायचं बंद होईल, म्हणून तो विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या फ्लोटच्या पोकळीत ठेवतात. हे वाचून सगळ्यांनी 'अरे वा' म्हटलं आणि वजनाच्या रकान्यात मनाला येईल ते लिहिलं. काकांनी तर पौंडाच्या रकान्यात किलो लिहिले, ७२. दुसऱ्या दिवशी कॅम्पवाल्या बाईंचा फोन, तुमच्यासोबत लहान मूल आहे का, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट ठेवावं लागेल.

निघायच्या आदल्या रात्री आमच्या हॉलमध्ये बॅगा आल्या. इंडियाला जाताना तेवीस किलोत बॅग बसवायची कला आपल्या लोकांच्या रक्तात आहे, त्यामुळे सगळे निर्धास्त. बायकोने बाथरूममधला वजनकाटा आणून मध्यभागी ठेवला. आता बॅग घरी कशी मोजतात ते तुम्हाला माहितीये, आधी रिकाम्या हाताने उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची.

मेहुणा काट्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, काटा बिघडलाय.

काटा बिघडला नव्हता. मेहुण्याने किलोत धरले तर ७८ लिहिले होते, निघाले ९१. मी सहा किलोंनी खोटा. मित्र तीन. काका तेवढे चप्पल काढून, खिशातल्या किल्ल्या काढून बरोब्बर ७२! बायकोने फॉर्मच्या मागे बेरीज केली, बावीस किलो. "एवढं सामान काढा नाहीतर एक माणूस काढा."

कुकर काढायला काका तयार नाहीत. तांदूळ, रवा, आगळाची बाटली, तिरफळं, मित्राची थालीपीठाची भाजणी, मेहुण्याच्या आईने दिलेला तीन किलो चिवडा, ह्यातलं काहीच निघेना. रात्री साडेबाराला मेहुण्याचा गळ आणि वजनं ठेवायचा टॅकल बॉक्स निघाला, त्यात नुसतं शिसंच शिसं. मग वेडर्स म्हणजे पाण्यात उतरायचे रबरी कपडे, मोठी जाळी, फोल्डिंग खुर्च्या. मग दोन रॉड.

उरले दोन रॉड. त्यातला एक मित्राकडे दिला, चार माशांचं लायसन्स त्याचंच आहे. तो सध्या बेसमेंटमध्ये यूट्यूब लावून गाठ मारायला शिकतोय, आणि काका शेजारी बसून त्याला सांगतायत की मासा लागल्यावर बिचारा वगैरे म्हणायचं नाही.