पारा ९१ वर अडकला

धाकटी बहीण साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. पूरग्रस्तांसाठी एक दिवसाचा पगार कापायचा, ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी तसं लेखी कळवायचं, अशी सूचना शिक्षकांच्या ग्रुपवर आली आणि दोन दिवस नुसती जुंपली. तिच्या डोक्यावर पतपेढीचं कर्ज आहे. फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे बरं. कुणी असं मानगुटीवर बसत नसेल."

मला हसू आलं. इथे अमेरिकेत, कोलंबसला आमच्या ऑफिसच्या पँट्रीत दर ऑक्टोबरला पुठ्ठ्याचा थर्मामीटर लागतो. पारा म्हणजे देणगी देणाऱ्यांची टक्केवारी. गेल्या वर्षी आमच्या टीमचा पारा ९१ वर अडकला. टीममध्ये माणसं ११, तेव्हा राहिलं कोण हे शोधायला ज्योतिषी नको होता. मॅनेजर टेबलाशी आली, गोड हसली. पगारामागे एक डॉलर दिलास तरी चालेल, १०० टक्के झाले की सगळ्यांना पिझ्झा!

माझं शिक्षणाचं कर्ज ३० लाखांचं, त्यापायी बाबांचं घर गहाण, हप्ता महिना ४१ हजार. हे तिला कशाला सांगू? दिला डॉलर. पिझ्झाही खाल्ला, गार होता.

इथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'कम्बाइन्ड फेडरल कॅम्पेन' नावाची देणगी मोहीम असते. तिच्या नियमांत साहेबाने हाताखालच्या माणसाला 'दिलेस का' विचारणं, १०० टक्क्यांचं लक्ष्य ठेवणं, न देणाऱ्यांच्या याद्या करणं, या सगळ्याला मनाई आहे. आमच्या पँट्रीत बसूनच कुणीतरी ते लिहिलं असावं! पण खासगी कंपन्यांना ते नियम लागू नाहीत.

आपल्याकडेही हे कोर्टात जाऊन आलंय. २०१८च्या पुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांकडे महिन्याचा पगार मागितला आणि नको असेल तर तसं लिहून द्या म्हटलं. ती लिहून देण्याची अट उच्च न्यायालयाने स्थगित केली, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. बहिणीला हे सांगितलं तर म्हणते, "कोर्ट केरळात, मुख्याध्यापक इथे."

खरं अवघड जातं ते आपल्या माणसांत. इथल्या मंडळाच्या गणपतीत मी खुर्च्या उचलते, मोदक वळते, रात्री हॉल झाडते. तरी 'कमिटीवरच्यांनी निदान २५१ डॉलर' हे ठरलेलं. लहानपणी पोरं पावतीपुस्तक घेऊन यायची, पाचशे म्हणायची. आई दारातच "यंदा शंभर, बाबांनो" म्हणून मोकळी व्हायची. पोरं थोडी कुरकुरत, पावती फाडत. (सगळीकडे असं गोडीत होत नाही, बाजारपेठेतल्या दुकानदारांना विचारा.) पण त्या दारात घासाघीस चालायची. इथे ईमेल येते, खाली आधीच दिलेल्यांची नावं असतात, आणि आपलं नसतं.

ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला पाठ. ऋण काढून दान करण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझ्या खिशातले २५१ डॉलर बाबांच्या घरातून जातात; पुण्य माझ्या नावावर, गहाणखत त्यांच्या. यंदा खजिनदारकाकांना सरळ सांगितलं, कर्ज फिटेपर्यंत हातपाय घ्या, पैसे मागू नका. काका "हो हो, काही हरकत नाही" म्हणाले. तरी यादीची ईमेल मलाही आलीच.

बहिणीने अजून काही लिहून दिलेलं नाही. नकार देणाऱ्यांची यादी शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जायची आहे.